पाच किलोमीटरच्या गाडीसाठी शंभर वॅट

विनिपेग, रेजायना, सास्काटून, एडमंटन या पट्ट्यात नव्याने आलेल्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या आणि सेकंडहँड गाडी उघड्यावर लावणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. ऑफिस चार-पाच किलोमीटरवर, वाटेत मुलांची शाळा, संध्याकाळी परत. पुण्यात याला ‘जवळच तर आहे’ म्हणतात. इथे जानेवारीत गाडीच्या जिवावर उठणारा प्रवास हाच. रोज साठ किलोमीटर हायवेने जाणाऱ्याची गाडी तुमच्यापेक्षा सुखात असते.

दरवर्षी संक्रांतीच्या तिळगुळाला हॉलमध्ये जमलो की बायकांचं वाण आणि पुरुषांची बॅटरी असे दोन विषय चालतात. कोणी सांगतो, बल्ब लाव. कोणी म्हणतो, मी रात्री दोनदा उठून गाडी चालू करतो. एखाद्याने भारतातून आणलेला पाणी तापवायचा रॉड गाडीत वापरायचं ठरवलेलं असतं. हे सगळं ऐकलं की काळजी वाटते. इंजिन गरम ठेवायला फार वीज लागत नाही. ती कुठे आणि कशी लावायची एवढंच नीट कळायला हवं, आणि ते ऑक्टोबरात केलेलं बरं. उणे 25 मध्ये गाडीखाली झोपून कोणतंही काम धड होत नाही.

आधी एक गोष्ट तपासा. तुमच्या गाडीला ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन तापवणारा विजेचा हीटर, आधीपासूनच असू शकतो. प्रेअरीत, म्हणजे आपल्या या पट्ट्यात, विकलेल्या बऱ्याच गाड्यांना तो असतोच. समोरच्या जाळीतून किंवा बंपरच्या आतून तीन पिनांचा प्लग लोंबताना दिसतो का ते बघा. दिसला नाही तर बोनेट उघडून गुंडाळून बांधलेली वायर शोधा. काही गाड्यांत हीटर बसवलेला असतो आणि वायर तेवढी नसते, तेव्हा गाडीचा नंबर देऊन डीलरला विचारा. दक्षिण ऑंटारिओ किंवा व्हँकुव्हरकडून आलेल्या जुन्या गाडीला मात्र बहुधा काहीच नसतं.

वायर सापडली तर ती चालते का हे मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. प्लगच्या दोन चपट्या पिनांमध्ये ओहम मोजा. 120 व्होल्टवरच्या 400 वॅटच्या हीटरचा आकडा 36 ओहमच्या आसपास येतो. आकडाच आला नाही तर वायर किंवा एलिमेंट तुटलेलं आहे. मग चपटी पिन आणि अर्थिंगची गोल पिन यांच्यात मोजा. तिथे काहीही दाखवायला नको. दाखवलं तर करंट बॉडीत उतरतो आहे, आणि तो हीटर वापरायचा नाही.

आता छोट्या प्रवासात नेमकं बिघडतं काय, ते बघू. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. बरंचसं सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं. गार इंजिनाला पेट्रोलही जास्त द्यावं लागतं, त्यातलं काही न जळता त्याच वाटेने ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल चांगलं तापलं की हे दोन्ही उडून जातं. पण पाच किलोमीटरमध्ये काटा जेमतेम हलतो. कूलंट लवकर तापतं, ऑइल बरंच मागे असतं, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. असे दोन महिने गेले की ऑइल भरायच्या झाकणाच्या आत ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट थर दिसतो. तो दिसला म्हणून लगेच हेड गॅस्केट गेलं असं समजून हजार डॉलर देऊ नका. कूलंटची पातळी उतरत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर बहुतेक वेळा तो छोट्या फेऱ्यांचाच प्रताप असतो.

खर्चाचं म्हणाल तर उणे 7 अंशांच्या सुमारासच पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत मायलेज वीस टक्क्यांहून जास्त पडू शकतं. बॅटरीचं दुखणं वेगळं. उणे 18 च्या आसपास तिची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो. एका सेल्फमध्ये गेलेली वीज, सीट हीटर आणि मागच्या काचेचा हीटर चालू ठेवून केलेल्या पाच किलोमीटरमध्ये भरून निघत नाही. रोज थोडी थोडी घट होते आणि तीन आठवड्यांनी सकाळी फक्त ‘टक्’ ऐकू येतं.

ऊब किती लागते याचा ढोबळ हिशेब मांडतो. छोट्या चार सिलिंडर गाडीचं इंजिन 100 किलोच्या आसपास धरा, त्यात 6 लिटर कूलंट आणि 4 लिटर ऑइल. हे सगळं 1 अंशाने तापवायला साधारण 100 किलोज्यूल लागतात. 20 अंशांनी तापवायचं तर 2000 किलोज्यूल, म्हणजे सुमारे 0.55 युनिट वीज. घरचा टोस्टर अर्धा-पाऊण तास चालवला तर एवढी वीज जाते. युनिटला 10 सेंट धरले तरी सहा सेंटांपेक्षा कमी.

अडचण अशी की तुम्ही तापवता तेव्हाच बाहेरचा वारा गार करत असतो. 400 वॅटचा ब्लॉक हीटर जोरात तापवतो, म्हणून त्याला तीनेक तास पुरतात आणि तेवढ्यात इंजिन पंचवीस-तीस अंशांनी वर येतं. 100 वॅटच्या छोट्या हीटरला पूर्ण रात्र द्यावी लागते, आणि तरी एका ठिकाणी जाऊन तो थांबतो, कारण जितकी ऊब आत जाते तितकीच बाहेर पडायला लागते. ही हद्द कुठे येईल ते वाऱ्यावर ठरतं. माझ्या हिशेबाने आठ तासांत उघड्या वाऱ्यात नऊ-दहा अंश मिळतात, भिंतीच्या आडोशाला चौदा आणि बोनेटवर जाड पांघरूण असेल तर सतरा. म्हणजे वॅट वाढवण्याआधी वारा अडवा. आठ-दहा डॉलरचं मूव्हिंग ब्लँकेट बोनेटवरून समोरच्या जाळीपर्यंत घेऊन दोऱ्याने बांधा. पांघरूण बोनेटच्या वर राहू द्या. आत इंजिनावर चिंध्या, जुनी गोधडी, थर्माकोल असलं काही कोंबायचं नाही. एक्झॉस्ट तापला की ते पेट घेतं, आणि पट्ट्यात अडकलं तर पट्टा तुटतो. सकाळी ते काढायचं लक्षात राहावं म्हणून त्याचं एक टोक ड्रायव्हरच्या काचेवर येऊ द्या.

चौदा अंश म्हणजे फार वाटत नाही. बाहेर उणे 25 असेल तर इंजिन उणे 11 वर येईल, बस्स. पण उणे 25 आणि उणे 11 यांच्यात ऑइलच्या पातळपणाचा जो फरक आहे, तो सेल्फच्या आवाजावरूनच कळतो. शिवाय हीटर इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरला लावलेला असेल तर ऑइल बाकीच्या इंजिनापेक्षा जास्त तापलेलं असतं, आणि पहिल्या मिनिटात वरपर्यंत पोचावं लागतं ते ऑइलच.

जुगाड म्हटला की लोकांना वाटतं, आपण काहीतरी हलकं करतो आहोत. मुळात या हीटरचा जन्मच जुगाडातून झाला. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी तांब्याची भंगारातली नळी आणि जुन्या इस्त्रीचं एलिमेंट घेऊन पहिला हीटर बनवला. हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी पोकळ, आतून तापणारा बोल्ट बसवायची त्यांची कल्पना होती. 1949 मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. त्याआधी उत्तरेकडे छोटी विमानं उडवणारे पायलट संध्याकाळी इंजिनातलं ऑइल डब्यात काढून घरात नेत, सकाळी शेगडीवर तापवून परत ओतत, आणि इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकून आत स्टोव्ह पेटवत. तंबूत एक माणूस आग विझवायचं साधन घेऊन बसायचा, कारण विमानं जळायची. लडाखमध्ये ट्रकवाले टाकीखाली जाळ करतात तोही याच घराण्यातला उपाय. आता तिथे उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल मिळतं, 2019 पासून. फ्रीमन यांचं पाहून इस्त्री फोडू नका एवढंच सांगायचं आहे. त्यांच्याकडे दुसरं काही मिळत नव्हतं. तुमच्या चौकातल्या दुकानात प्रमाणित हीटर पन्नास-साठ डॉलरला टांगलेला असतो.

तर करायचं नाही ते असं. ऑइल चेंबरखाली लटकवलेला साठ-शंभर वॅटचा पिवळा बल्ब हा इथला जुना उपाय आहे, चालतोही. पण तापलेल्या काचेवर बर्फाचं पाणी पडलं की बल्ब फुटतो, आणि उघड्या तारा पेट्रोलच्या वाफेशेजारी राहतात. खोलीतला पंख्याचा हीटर बोनेटखाली ठेवणं तर आगीला आमंत्रण; ते यंत्र 1500 वॅटचं असतं आणि कोणीतरी बघत असताना चालवण्यासाठी बनवलेलं असतं. माणसाच्या पाठीला लावायचं हीटिंग पॅड ओलं झालं की शॉक देतं. आणि तो पाणी तापवायचा रॉड पाण्याबाहेर चालवला तर एलिमेंट जळतं. 230 व्होल्टचा 1000 वॅटचा रॉड इथल्या 120 व्होल्टवर सुमारे 270 वॅट देतो, म्हणून ‘इथे तो कमीच तापतो, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं गणित बरोबर आहे, सल्ला चूक. डिपस्टिकच्या जागी घालायचा हीटरही टाळा. इवल्याशा कांडीवर सगळे वॅट एकवटतात आणि तिच्याभोवतीचं ऑइल करपतं. कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी यांच्याबद्दल बोलायलाच नको.

रात्री दोनदा उठून गाडी चालू करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. त्याने इंजिन जपलं जात नाही, उलट दोन गार सुरुवाती जास्त होतात. आणि गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये असेल तर दार उघडं ठेवूनही चालू ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो भिंतीपलीकडच्या बेडरूममध्ये पोचतो.

करायचं काय? मेकॅनिककडून ब्लॉक हीटर बसवून घेणं परवडत असेल तर तेच करा, पुढचं वाचायची गरज नाही. ते जमत नसेल, भाड्याची जागा आहे, वर्षभरात गाडी बदलायची आहे, तर ऑइल चेंबरला चिकटवायचं सिलिकॉनचं पॅड घ्या. 100 ते 150 वॅटचं छोट्या गाडीला पुरतं. त्यावर सीएसए किंवा कॅनडाचं यूएल यांपैकी एक खूण असली पाहिजे. आतच थर्मोस्टॅट असलेलं मिळालं तर उत्तम.

आधी चेंबर धातूचं आहे का ते चुंबकाने आणि नखाने वाजवून बघा. चुंबक न चिकटता टणक आवाज आला तर अॅल्युमिनियम. ठोकल्यावर डब्यासारखा भद्द आवाज आला तर प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर पॅड लावायचं नाही. जागा सपाट हवी, आतून ऑइल जिथे भरलेलं असतं तिथे, म्हणजे खालच्या बाजूला, पण ड्रेन बोल्टपासून आणि एक्झॉस्टच्या पाइपपासून लांब. गाडी रॅम्पवर चढवा, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. काम उबदार दिवशी किंवा हीटिंग असलेल्या गॅरेजमध्ये करा, चेंबर हाताला गार लागत असेल तर गोंद धरत नाही. ब्रेक क्लीनर मारून तेलकटपणा काढा, बारीक पॉलिश पेपरने जागा खरवडून चमकवा, पुन्हा क्लीनर मारा आणि मग बोट लावू नका. कागद सोलून पॅड मधून कडेकडे दाबत न्या, आत हवेचा फुगा राहू देऊ नका. फुगा राहिला तर तिथली ऊब धातूत जात नाही, पॅड तिथेच जळतं. कडेने गॅस्केटचं सिलिकॉन फिरवा, म्हणजे मीठ आणि पाणी आत शिरत नाही. चोवीस तास प्लग लावायचा नाही. वायर वर घेताना फिरत्या भागांपासून आणि एक्झॉस्टपासून दूर, दर वीतभर अंतरावर टाय बांधत न्या. पुढच्या ऑइल चेंजला मेकॅनिकला पॅड आहे असं आधी सांगा.

पॅडपेक्षा जास्त लोक फसतात ते एक्स्टेंशन वायरमध्ये. घरातली पांढरी वायर थंडीत काडीसारखी कडक होते आणि वाकवली की तिचं आवरण तडकतं. बाहेरच्या वापराची, थंडीतही लवचीक राहणारी, तीन पिनांची वायर घ्या. पंधरा मीटरपर्यंत 16 गेज चालते, त्याहून लांब असेल तर 14 गेज. वायर गुंडाळलेली असताना लोड देऊ नका, वेटोळं आतून तापतं. जोड बर्फात पडू देऊ नका, बंपरला लटकवा. पहिल्या रात्री तासाभराने बाहेर जाऊन प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर बंद करा. साधा वॅटमीटर मध्ये लावला तर पॅड खरंच चालू आहे का हेही कळतं. बाहेरचा प्लगपॉइंट जीएफसीआयचा, म्हणजे करंट गळला की आपोआप बंद पडणारा, असतो आणि तो सारखा पडत असेल तर लोक दुसरा पॉइंट शोधतात. तसं करू नका. तो पडतो म्हणजे कुठेतरी करंट गळतो आहे. 15 अँपिअरच्या सर्किटवर तासनतास चालणारा लोड 12 अँपिअरपर्यंत, म्हणजे 1440 वॅटपर्यंतच ठेवायचा, त्यामुळे शेजाऱ्याची गाडी त्याच सर्किटवर आहे का हे विचारून घ्या.

टायमर घ्यायचा की नाही? 400 वॅटच्या हीटरला घ्याच. निघायच्या तीन-चार तास आधी चालू झाला की पुरतो. रात्रभर ठेवला तर दहा तासांत चार युनिट जातात, टायमरने 1.2 ते 1.6. शंभर वॅटच्या पॅडला टायमर नसला तरी रात्रीचं बिल दहा सेंटच. अपार्टमेंटच्या पार्किंगमधले प्लगचे खांब अनेक ठिकाणी मालकाच्या कंट्रोलरवर चालतात आणि वीस मिनिटं चालू, वीस बंद असं चक्र असतं. प्लग लावल्यावर पॉइंटमध्ये वीज नाही असं वाटलं तर आधी व्यवस्थापकाला विचारा. तिथे शंभर वॅट निम्म्यावर येतात, मग पांघरूण जास्तच गरजेचं.

खांबच नसेल तर लोक गाडीच्याच बॅटरीवर हीटर चालवायचा विचार करतात. 12 व्होल्टवर 100 वॅट म्हणजे आठ अँपिअरच्या वर. पाच तासांत चाळीस अँपिअर-अवर संपले, आणि गारठलेल्या बॅटरीत तेवढे शिल्लकही नसतात. हा मार्ग बंद. वीज नाही तर खर्च ऑइलवर करा. आपल्याकडे मोटारसायकलला 20W-40 घालायची सवय असते. त्यातलं 20W म्हणजे उणे 20 पर्यंत पंपाला खेचता येईल असं ऑइल. 5W ची तीच परीक्षा उणे 35 ला होते, 0W ची उणे 40 ला. गाडीच्या पुस्तकात 0W ला परवानगी असेल तर हिवाळ्यात तेच भरा, पूर्ण सिंथेटिक. आणि बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर नोव्हेंबरात दुकानात फुकट तपासून मिळते, ती तपासून घ्या.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी पुन्हा आठ तास गारठते हे विसरून चालणार नाही. तिथे खांब असेल तर तिथलाही प्लग लावा, 400 वॅटच्या हीटरला दुपारी दोनपासून पुरे. नसेल तर किराणा, जिम, मुलांची क्रिकेटची प्रॅक्टिस ही कामं वेगवेगळ्या फेऱ्यांत न करता संध्याकाळी एकत्र करा आणि सगळ्यात लांबचं काम आधी घ्या, म्हणजे पुढच्या थांब्यांना इंजिन गरम असतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास रिंग रोडवर फेरी मारा. झाकणाखालचा तो पांढरा थर त्यानेच जातो.

निघताना प्लग काढायला विसरणारे दर हिवाळ्यात भेटतात. वायर दाराच्या हँडलवरून घेऊन मगच खांबाला लावली तर दार उघडताना ती हातात येतेच. तरीही ओढून तुटलीच, तर पिना टेपने जोडत बसू नका. गाडीकडचा प्लग वीस डॉलरच्या आत मिळतो, नवा घालून घ्या आणि मल्टिमीटरने पुन्हा 36 येतात का बघा. पॅड शंभर वॅटचं असेल तर 144.